दीडशे डॉलरचा बटाटा : ल्यूथर बर्बँक आणि झाडे घडवण्याचा धंदा

१८७५ सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातून सव्वीस वर्षांचा एक तरुण आगगाडीत बसला आणि कॅलिफोर्नियाकडे निघाला. प्रवास सारा खंड ओलांडण्याचा होता. खिशात पैसे बेताचे, प्रकृती तोळामासा, ओळखीचे म्हणजे आधीच तिकडे गेलेले भाऊ. सामानात मात्र एक वस्तू अशी होती की जिच्यावर त्याचा स्वतःपेक्षा अधिक विश्वास होता : दहा बटाटे.

आज अमेरिकेत जे लांबट, खरबरीत सालीचे बटाटे फ्रेंच फ्राइजसाठी कापले जातात, त्यांतील फार मोठा वाटा त्याच वाणाच्या वंशजांचा आहे. वाणाला नावही त्याच तरुणाचे आहे, बर्बँक. आणि या वाणातून त्याला आयुष्यभरात मिळालेली एकूण रक्कम होती १५० डॉलर. वनस्पती घडवणे हा पोट भरण्याचा व्यवसाय होऊ शकतो का, या प्रश्नाशी पन्नास वर्षे झुंजलेल्या ल्यूथर बर्बँकची ही हकिकत. #थ्रेड

ल्यूथरचा जन्म ७ मार्च १८४९ रोजी लँकेस्टर नावाच्या गावी झाला. वडिलांची शेती होती, जोडीला विटांची भट्टी होती. वडिलांच्या तीन लग्नांतून झालेल्या पंधरा अपत्यांपैकी हा तेरावा. शिक्षण गावच्या अकादमीपुरते. विद्यापीठाची पायरी तो विद्यार्थी म्हणून कधीच चढला नाही, आणि पुढे विद्यापीठातील मंडळींनी ही गोष्ट त्याला कधी विसरूही दिली नाही. काही काळ त्याने नांगर बनवणाऱ्या कारखान्यात लाकूडकाम केले. वडील वारल्यावर वाट्याला आलेल्या पैशातून त्याने लुनेनबर्ग येथे १७ एकर जमीन घेतली आणि भाजीपाला पिकवून जवळच्या बाजारात विकू लागला.

याच सुमारास एक पुस्तक त्याच्या हाती पडले. चार्ल्स डार्विनचा १८६८ सालचा ग्रंथ, माणसाने पाळलेल्या प्राण्यांत आणि लावलेल्या वनस्पतींत होणाऱ्या बदलांविषयीचा. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ची कीर्ती त्याहून मोठी आहे, पण माळीकाम करणाऱ्याच्या दृष्टीने हा दुसरा ग्रंथच अधिक कामाचा होता. एकाच बापाची दोन रोपे कधीच तंतोतंत सारखी नसतात, आणि त्या लहानशा फरकांतून निवड करत गेले तर माणूस हवे तसे झाड घडवू शकतो, एवढे त्यातून ल्यूथरने उचलले. डोक्यात विचार बसला. उरला प्रश्न सुरुवात कुठून करायची याचा.

येथे बटाट्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. शेतकरी बटाटा लावतो तो बियांपासून नव्हे, बटाट्याच्याच डोळ्यांपासून. त्यामुळे सारे शेत म्हणजे एकाच झाडाची हजारो रूपे. बियांतून उगवणाऱ्या रोपाची गोष्ट निराळी. कोकणातल्या माणसाला हे समजावण्याची गरज नाही. हापूसची कोय पुरली तर हापूस येईलच याची खात्री नसते. हापूस हवा तर कलमच बांधावे लागते, आणि कोयीतून वाढलेला प्रत्येक रायवळ आंबा आपापल्या चवीचा असतो. बटाट्याचेही तसेच. त्याला कधीमधी हिरव्या लहान टोमॅटोसारखे फळ धरते, त्यात बारीक बी असते आणि त्या बीमधून निघणारे प्रत्येक रोप वेगळे असते. रायवळ बटाटे म्हणा ना.

सर्व शेत एकाच झाडाची रूपे असण्यातला धोका तेव्हाच्या जगाने नुकताच पाहिला होता. १८४५ नंतरच्या करप्याने आयर्लंडमधली बटाट्याची पिके कुजून गेली आणि दहा लाखांच्या आसपास माणसे उपासमारीने व रोगराईने मेली. नवे, अधिक काटक वाण शोधण्याची धडपड अमेरिकेतही चालू होती. ‘अर्ली रोझ’ हा त्या काळचा लोकप्रिय वाण. पण त्याला फळ जवळजवळ धरतच नसे. ल्यूथरच्या शेतात १८७२च्या सुमारास एका झाडाला ते धरले.

तो रोज जाऊन ते फळ पाहून येई. पिकण्याच्या बेतात आले असताना एके दिवशी पाहतो तो फळ देठावरून नाहीसे झालेले! एखाद्या कुत्र्याने किंवा पक्ष्याने धक्का दिला असावा. त्याने ओळींमागून ओळी चाळल्या, पुन्हा पुन्हा चाळल्या, आणि अखेर थोड्या अंतरावर ते सापडले. हा किस्सा बर्बँकने उतारवयात अनेकदा सांगितला आहे आणि सांगताना त्याला रंग चढत गेला असणार. आत बिया निघाल्या तेवीस. तेवीस रोपांतून तेवीस तऱ्हेचे बटाटे आले. काही खुरटे, काही वेडेवाकडे. एका रोपाखाली मात्र मोठे, गुळगुळीत, पांढरे बटाटे भरपूर धरले होते.

जेम्स ग्रेगरी नावाच्या बियाणे व्यापाऱ्याकडे तो हा वाण घेऊन गेला. मागितले ५०० डॉलर, मिळाले १५०. व्यापाऱ्याने औदार्य दाखवले ते दोन बाबतींत : वाणाला ‘बर्बँक्स सीडलिंग’ असे नाव दिले आणि दहा बटाटे स्वतःजवळ ठेवू दिले. पुढे पश्चिम किनाऱ्यावर हा बटाटा झपाट्याने पसरला. त्यातल्याच एका झाडावर आपोआप खरबरीत साल उपजली आणि तो ‘रसेट बर्बँक’ घरोघरी गेला. त्या विक्रीतला एक पैसाही मूळ शोधकाकडे येण्याची वाट नव्हती.

सांता रोझा या कॅलिफोर्नियातल्या गावी पोहोचल्यावरची पहिली वर्षे हलाखीची होती. मिळेल ते सुतारकाम, मिळेल ती मजुरी. एका रोपवाटिकेत काम मिळाले, पण राहायला जागा होती उष्णगृहावरची दमट खोली. तिथे तापाने अंथरूण धरले. शेजारच्या एका बाईने दूध पाजून जगवले, असे त्यानेच सांगून ठेवले आहे. मग भाड्याच्या जमिनीवर स्वतःची रोपवाटिका. तिच्या हिशेबाच्या वहीतले आकडे बोलके आहेत. १८७७ साली विक्री १५ डॉलर २० सेंट. १८७८ साली ८४ डॉलर. आईने आणि बहिणीने तोवर त्याच्यापाशी येऊन बिऱ्हाड केले होते.

कोणत्याही धंद्यात एखादी ऑर्डर अशी येते की ती घेतली तर बुडण्याची भीती आणि सोडली तर आयुष्यभराचा पस्तावा. बर्बँककडे ती १८८१च्या वसंतात आली. वॉरन डटन नावाच्या धनिकाला आलुबुखाराची मोठी बाग करायची होती. शरद ऋतू उलटेपर्यंत २०,००० कलमे हवी होती. जाणत्या रोपवाटिकावाल्यांनी हात वर केले, आणि त्यांचे काही चुकले नव्हते. खुंटासाठी बी रुजवायचे, वर्षभर वाढवायचे, मग डोळा भरायचा, तो वाढू द्यायचा. या सगळ्याला दोन-तीन वर्षे लागतात. नऊ महिन्यांत कलम कसे होणार?

बर्बँकने होकार दिला आणि बदाम आणले.

आलुबुखार, पीच आणि बदाम ही एकाच गोतावळ्यातली झाडे. त्यांत बदामाचे बी सर्वांत लवकर रुजते. वाळूच्या वाफ्यांत बदाम पसरून त्यावर ओले तरट टाकले की थोड्याच दिवसांत मोड दिसतात. मोड आलेले बदाम शेतात ओळीने लावले. जूनअखेर खोडे पेन्सिलीएवढी जाड झाली, तेव्हा हाताशी मिळतील तितकी माणसे लावून आलुबुखाराचे डोळे भरायला घेतले. खरी मख्खी पुढे होती. डोळा भरल्यावर खुंटाचा शेंडा सहसा छाटून टाकतात. एवढ्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटला तर पानेच उरणार नाहीत आणि मुळे उपाशी मरतील. म्हणून बर्बँकने शेंडा कापला नाही. तो अर्धवट मोडून बाजूला वाकवला. मोडलेल्या शेंड्याची पाने मुळांना अन्न पोचवत राहिली आणि रस अडल्यामुळे भरलेला डोळा जोराने फुटला. डोळ्याची फांदी फूटभर झाल्यावर मग शेंडा पुरता छाटला.

१ डिसेंबरला १९,५०० कलमे तयार होती.

या युक्तीतला एकही तुकडा बर्बँकने शोधलेला नव्हता. बदामाचा खुंट माहितीचा होता, उन्हाळ्यात डोळा भरण्याची रीत माहितीची होती. २०,००० झाडांच्या मापाने, कर्जाच्या जोखमीवर, एका हंगामात ते जुळवून आणणे ही त्याची करामत. माळीकामातली प्रतिभा बहुधा अशीच असते. ती प्रयोगशाळेपेक्षा वाफ्यावर दिसते, आणि म्हणूनच इतिहासाच्या पुस्तकांत तिला जागा कमी मिळते.

डटनच्या बागेनंतर रोपवाटिकेचे नाव झाले आणि धंदा उत्तम चालू लागला. कोणताही शहाणा माणूस येथे स्थिरावला असता. बर्बँकने काय केले? १८८०च्या दशकाच्या अखेरीस चालती रोपवाटिका विकून टाकली. त्याला इतरांनी घडवलेली झाडे वाढवून विकायची नव्हती, झाडे स्वतः घडवायची होती. सांता रोझातल्या घरालगतची चार एकर जमीन आणि १८८५ साली जवळच्या सेबास्टोपोल येथे घेतलेले शेत एवढ्या भांडवलावर त्याने हा डाव मांडला.

त्याची पद्धत समजून घेतली तर तिच्यामागचा खर्चही समजतो. जपानहून, दक्षिण अमेरिकेतून, जिथून जमेल तिथून बी आणि रोपे मागवायची. एकाचा पराग दुसऱ्यावर टाकून संकर करायचा. मग दहा-वीस नव्हे, हजारो रोपे वाढवायची. आणि त्यांतून एक निवडायचे. बर्बँक रोपांच्या ओळींतून भराभर चालत जाई. जे रोप नजरेत भरेल त्याच्या मानेला पांढऱ्या कापडाची चिंधी बांधली जाई. चिंधी नसलेली सारी रोपे उपटून त्यांची होळी. हजारोंच्या संख्येने जळणारी ती झुडपे पाहून शेजारी हळहळत. फळझाडांच्या बाबतीत वाट पाहण्याची वर्षे वाचवण्यासाठी तो कोवळ्या रोपांच्या काड्या जुन्या, जोमदार झाडावर बांधी. एकेका झाडावर शेकडो निराळ्या वाणांच्या फांद्या. रोपाला पहिले फळ यायला सहा-सात वर्षे लागणार असतील तर ते दोन-तीन वर्षांत दिसे, आणि नापास फांदी कापून टाकता येई.

पान पाहून तो फळाचा अंदाज बांधी, असे पाहुणे सांगत. यात जादू नव्हती. कोवळ्या पानाचा रंग, पोत, कळीची जाडी यांचा पुढच्या फळाशी काही संबंध असतो आणि लाखो रोपे हाताखालून गेलेल्या माणसाच्या डोळ्याला तो कळू लागतो. निष्णात गवंडी वीट हातात घेऊनच कच्ची-पक्की सांगतो ना, तसे.

१८८५ साली जपानहून आलेल्या प्लमच्या रोपांतून ‘सात्सुमा’ आणि ‘बर्बँक’ हे वाण अमेरिकेच्या बाजारात आले. १९०६ साली आला ‘सांता रोझा’ प्लम. तो आजही पिकतो आणि विकला जातो. सतरा वर्षांच्या खटपटीनंतर १९०१ साली ‘शास्ता डेझी’ दिली. युरोपीय डेझी आणि जपानी डेझी यांच्या मिश्रणातून काढलेले, बर्फासारख्या पांढऱ्या पाकळ्यांचे फूल. प्लम आणि जर्दाळू यांच्या संकरातून प्लमकॉट. दोन जातींच्या अक्रोडांच्या संकरातून ‘पॅराडॉक्स’, जो इतक्या झपाट्याने वाढे की नाव सार्थ ठरले. कॅलिफोर्नियातल्या अक्रोडाच्या बागांत तो आज खुंट म्हणून वापरात आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९४५ साली त्याच्या कामाची मोजदाद छापली, तेव्हा वाणांची संख्या ८००च्या वर गेली. त्यांत नुसते प्लम आणि आलुबुखारच शंभराहून जास्त.

आणि पैसा? येथे १५० डॉलरच्या बटाट्याची गोष्ट पुन्हा सुरू होते.

अमेरिकेत पेटंटचा कायदा १७९० पासून होता. कुणी नव्या तऱ्हेचा उंदराचा सापळा काढला तरी त्याला ठरावीक वर्षे हक्क मिळे. झाड मात्र ‘निसर्गाची निर्मिती’, म्हणून कायद्याच्या बाहेर. त्यात झाडाचा गुणधर्मच चोराच्या सोयीचा. यंत्राची नक्कल करायला कारखाना लागतो. प्लमच्या नव्या वाणाची नक्कल करायला एक काडी आणि एक चाकू पुरतो. आज कुणी एक कलम विकत घेतले तर दोन-तीन वर्षांत त्याच्या रोपवाटिकेत त्याच वाणाची हजारो कलमे उभी, आणि तीही हुबेहूब. त्यामुळे बर्बँकपाशी कमाईचा एकच मार्ग उरला : वाण बाजारात जाण्यापूर्वीच तो समूळ, सगळ्या हक्कांसह, एखाद्या मोठ्या रोपवाटिकेला एकरकमी विकणे. पहिल्या काडीच्या किमतीतच पंधरा वर्षांचा खर्च वसूल करायचा.

यासाठी त्याने १८९३ साली एक माहितीपुस्तिका काढली, ‘न्यू क्रिएशन्स इन फ्रूट्स अँड फ्लॉवर्स’. किमती शेकड्यांत आणि हजारांत. शीर्षकातल्या ‘क्रिएशन्स’ या शब्दाने धर्मोपदेशक खवळले. निर्मिती ही परमेश्वराची मक्तेदारी, माळ्याने तिच्यात हात घालू नये. व्यापाऱ्यांना त्याचे काही नव्हते, त्यांनी वाण घेतले. बर्बँक प्रसिद्ध झाला. पण दर वेळी नवे वाण विकूनच मागच्या वाणाचा खर्च फेडायचा, या रहाटगाडग्यातून त्याची सुटका झाली नाही. पुढच्या काळात नव्या वाणांची जाहिरात करण्याची जी घाई त्याच्या हातून झाली, तिचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे.

मधल्या काळात कीर्ती मात्र अफाट वाढली. वर्तमानपत्रांनी त्याला ‘वनस्पतींचा जादूगार’ ठरवले. उत्परिवर्तनाच्या सिद्धांतासाठी गाजलेले डच शास्त्रज्ञ ह्यूगो द व्ह्रीज १९०४ साली मुद्दाम त्याच्या बागेत आले. १९०५ पासून कार्नेगी संस्थेने दरसाल १०,००० डॉलरचे अनुदान देऊ केले. अट अशी की बर्बँकच्या कामाची शास्त्रीय नोंद व्हावी. त्यासाठी जॉर्ज शल हे तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ सांता रोझाला आले.

दोघांचे जुळणे कठीणच होते. शल विचारणार : या वाणाची आई कोण, बाप कोण, किती रोपांतून किती टक्के तसे निघाले? बर्बँकच्या वह्यांत सापडणार फळ मधोमध कापून कागदावर उमटवलेला ठसा, बाजूला चवीविषयी चार शब्द आणि क्वचित एखादी तारीख. त्याची खरी नोंदवही डोक्यात होती. शिवाय मिळवलेले गुण पुढच्या पिढीत उतरतात, या जुन्या समजुतीवर तो ठाम होता. मेंडेलचे नियम विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पुन्हा प्रकाशात आले होते, त्यांच्याविषयी त्याला आस्था नव्हती. दहा वर्षांसाठी योजलेले अनुदान १९०९ सालीच थांबले. शल यांचा अहवाल कधी प्रकाशित झाला नाही. मौज अशी की याच काळात शल मक्यावर प्रयोग करत होते. १९०८ साली त्यांनी मांडलेल्या निष्कर्षांतून संकरित मक्याचा पाया घातला गेला आणि साऱ्या जगाच्या शेतीचे रूप पालटले. एकाच बागेत काही दिवस दोन युगे समोरासमोर उभी होती, आणि दोघांनाही एकमेकांचा कंटाळा आला होता!

शास्त्रज्ञांनी त्याला भोंदू म्हणावे हा अन्याय होता. पण त्याच्या भक्तांनी त्याला महान वैज्ञानिक म्हणावे हेही खरे नव्हे. विज्ञानाची पहिली अट अशी की दुसऱ्याला तोच प्रयोग करून पाहता यावा. बर्बँकच्या नोंदींवरून ते शक्य नव्हते. तो असामान्य कारागीर होता. कारागिराची विद्या त्याच्याबरोबर जाते. ती तशी गेलीच.

त्याची आणखी एक बाजू आहे आणि ती गोड नाही. १९०६ साली अमेरिकन ब्रीडर्स असोसिएशनने सुप्रजननशास्त्राची जी समिती नेमली, तिच्यात बर्बँकचे नाव होते. दुसऱ्याच वर्षी त्याने ‘द ट्रेनिंग ऑफ द ह्यूमन प्लँट’ हे पुस्तक लिहिले. त्यात मुलांना मोकळ्या हवेत, प्रेमाने वाढवावे असा भर आहे. आनुवंशिकतेपेक्षा संगोपनावर त्याचा अधिक विश्वास, म्हणून त्याचा सूर त्या चळवळीतल्या इतरांपेक्षा पुष्कळ मवाळ. तरीही माणसांची रोपांसारखी निवड करता येईल, हा विचार तिथे आहेच. चिंधी नसलेल्या रोपांचे काय होते, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक होते? पुढे त्याच सुप्रजनन-चळवळीच्या जोरावर अमेरिकेत सक्तीच्या नसबंदीचे कायदे झाले.

निवडुंगाचे प्रकरण तर पुरते अंगलट आले. रखरखीत माळावर काहीही नसले तरी फड्या निवडुंग उगवतो. त्याचे काटे काढून टाकता आले तर दुष्काळात गुरांना वैरण मिळेल. कल्पना झकास. वर्षानुवर्षे निवड करत बर्बँकने जवळजवळ बिनकाट्याचा निवडुंग तयार केलाही. १९०७ पासून त्याचा गाजावाजा सुरू झाला, त्याचे फड सोन्याच्या भावाने विकले जाऊ लागले आणि लोकांनी सट्टा खेळावा तसा त्यात पैसा घातला. प्रत्यक्षात हा निवडुंग खऱ्या वाळवंटात पाण्याशिवाय जोम धरीना. आणि काटे गेल्यामुळे जनावरे त्याला वाढूच देईनात, सभोवार कुंपण घालावे लागे. निसर्गाने काटे उगाच दिलेले नव्हते. बर्बँकच्या नावाने विक्री करण्यासाठी १९१२ साली काढलेल्या कंपनीने मागणी पुरी करण्यासाठी साध्या निवडुंगाचे काटे घासून काढून तो खपवला, असे उघडकीला आले. कंपनी बुडाली. ती चालवणारे दुसरेच होते. नाव मात्र बर्बँकचे होते आणि शेतकरी नावालाच ओळखत होते.

भारताशी त्याचा एक संबंध असाच गफलतीचा. भारतातून आलेल्या बियांतून त्याने एक राक्षसी वाढीची ब्लॅकबेरी निवडली आणि तिला ‘हिमालया’ असे नाव देऊन बाजारात आणली. ती मुळात हिमालयातली नव्हतीच. तिचे माहेर आर्मेनियाकडचे. आज अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर तिने ओढे, रस्त्यांच्या कडा, पडीक शेते गिळून टाकली आहेत. आपल्याकडे घाणेरीने जे केले, तेच तिकडे ‘हिमालया’ने केले. घाणेरीही शोभेची म्हणूनच बागांत आली होती.

दुसरा संबंध अधिक जिव्हाळ्याचा. १९२०च्या दशकात परमहंस योगानंद अमेरिकेत होते आणि सांता रोझाच्या बागेत त्यांचे येणेजाणे होते. ‘योगी कथामृत’ वाचलेल्यांना बर्बँकवरचे प्रकरण आठवत असेल. निवडुंगाशी प्रेमाने बोलून त्याला काटे टाकायला लावल्याची गोष्ट त्यातच आहे. १९४६ साली निघालेला तो मूळ इंग्रजी ग्रंथ बर्बँकच्याच स्मृतीला अर्पण केलेला आहे. योगानंदांना त्याच्यात संत दिसला. त्याच्या देशातल्या धर्ममार्तंडांना काय दिसले ते १९२६च्या जानेवारीत कळले. एका मुलाखतीत बर्बँकने आपण रूढ अर्थाने धार्मिक नाही, मरणोत्तर जीवनावर आपला विश्वास नाही, असे सांगून टाकले. मथळा झाला : ‘मी नास्तिक आहे, बर्बँकची घोषणा’. पत्रांचा पाऊस पडला, त्यांत शिव्याशाप पुष्कळ. सत्त्याहत्तरीला आलेला तो माणूस पत्रांना उत्तरे देत बसला. मार्चमध्ये हृदयविकाराचा झटका आला आणि ११ एप्रिल १९२६ रोजी तो गेला. घराजवळ त्यानेच लावलेल्या लेबनॉनी देवदाराखाली त्याला पुरले. वर नावाचा दगड बसवला नाही. पाच वर्षांनी मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलो तिथे येऊन गेली आणि तिने त्याचे चित्र काढले : कमरेच्या खाली झाडाचे खोड, मुळे जमिनीत, खाली पुरलेले प्रेत.

हयातीत न मिळालेला न्याय मेल्यावर मिळाला, तोही अर्धामुर्धा. रोपवाटिकांच्या मालकांनी वनस्पतींसाठी पेटंटचा कायदा व्हावा म्हणून खटपट केली, तेव्हा अमेरिकी काँग्रेसमध्ये विरोध होता तो फिओरेलो लाग्वार्डिया यांचा. त्यांच्यासमोर बर्बँकचे एक जुने पत्र वाचून दाखवण्यात आले. सापळ्याला संरक्षण आहे, गाण्याला संरक्षण आहे, पण जगाला नवे फळ देणाऱ्याच्या हाती काही पडत नाही, अशा आशयाचे. लाग्वार्डियांनी विरोध मागे घेतला. थॉमस एडिसननेही या कायद्याच्या बाजूने शब्द टाकला होता. २३ मे १९३० रोजी कायदा झाला, वनस्पतींच्या वाणांना पेटंट देणारा जगातला पहिला कायदा. पहिले पेटंट एका वेली गुलाबाला मिळाले. बर्बँकच्या नावावर मरणोत्तर सोळा पेटंटे नोंदली गेली.

भारतात वाण घडवणाऱ्याचा हक्क मान्य करणारा कायदा २००१ साली झाला, आणि त्यात संशोधकाबरोबर शेतकऱ्याचाही हक्क मानलेला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या बाजूला काढल्या होत्या, त्यांतून आलेल्या तांदळाला एचएमटी घड्याळाचे नाव पडले आणि तो विदर्भाबाहेरही दूरवर पेरला गेला. तेव्हा असा कायदा अस्तित्वातच नव्हता. खोब्रागडे २०१८ साली वारले. त्या तांदळातून त्यांच्या पदरात पडलेले फार थोडे होते.

अमेरिकेच्या १९३०च्या कायद्यात एक अपवाद आहे. कलमाने, काडीने, डोळ्याने वाढवल्या जाणाऱ्या वाणांना पेटंट मिळेल. मात्र ज्यांचा कंदच लावणीसाठी वापरला जातो आणि तोच खाल्लाही जातो, त्यांना नाही. त्यामुळे बर्बँकचे प्लम आणि गुलाब कायद्याच्या कक्षेत आले. बटाटा बाहेरच राहिला.